सी की पायथन ते नंतर बघू, आधी वही उघडा

सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवायची तुमची ही पहिलीच वेळ. प्रॅक्टिकलला सगळ्यांचे प्रोग्रॅम चालतात, ओरलला मात्र कुणाला काही सांगता येत नाही; मग सीऐवजी पायथन घेतलं तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

थोडा पडेल. सेमीकोलन आणि इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफमधलं अँड चिन्ह विसरण्याची कटकट जाईल. पण दुखणं तिथे नाहीच. मी दोन्ही शिकवलंय आणि मुलं दोन्हीकडे एकाच जागी अडकलेली पाहिली आहेत.

ती जागा म्हणजे 'एक्स बरोबर एक्स अधिक एक'. प्रोग्रॅममध्ये याचा अर्थ, एक्सच्या जुन्या किमतीत एक मिळवून ती पुन्हा एक्समध्येच ठेवायची. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, हे बारावीपर्यंत गणिताने घटवून घेतलेलं असतं आणि आपण पहिल्याच आठवड्यात फळ्यावर हे लिहून मोकळे होतो. हुशार पोरगं मनातल्या मनात दोन्हीकडचा एक्स उडवतं, शून्य बरोबर एक येतं, आणि ते गप्प बसतं. गप्प बसलेलं पोरगं पुढे पाठ करायला लागतं.

म्हणून पहिले दोन आठवडे मी लॅबमध्येही अर्धा वेळ मशीन बंद ठेवतो आणि ड्राय रन करून घेतो, म्हणजे प्रोग्रॅम वहीत हाताने चालवून घेतो. प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे एक्ससारख्या किंमत ठेवणाऱ्या नावाला, वहीत एक रकाना. एक ओळ वाचायची, जुनी किंमत काट मारून खोडायची, खाली नवी लिहायची. रबर वापरायचा नाही, कारण चुकीचा प्रवास मला दिसायला हवा. फॉर लूप, म्हणजे त्याच ओळींची पुन्हापुन्हा होणारी फेरी, आय या व्हेरिएबलने मोजत पाच वेळा असा हाताने फिरवला की 'लूप संपल्यावर आयची किंमत किती?' याचं उत्तर मुलं रकान्यात बोट ठेवून देतात.

मशीन सुरू केल्यावरही एक नियम: आधी पेनाने अंदाज लिहायचा, मग रन. माझं आवडतं उदाहरण फॅरनहाइटचं सेल्सिअस करण्याचं. सूत्र शाळेतलंच, 'पाच भागिले नऊ, गुणिले एफ वजा बत्तीस'. सीमध्ये ते जसंच्या तसं उतरवलं की २१२ टाका नाहीतर ९८.६, उत्तर शून्य! एका वर्षी एक मुलगा पीसी खराब आहे म्हणून शेजारच्या पीसीवर जाऊन बसला. पाच आणि नऊ दोन्ही पूर्णांक, म्हणून भागाकारही पूर्णांकच, म्हणजे शून्य. हे मी सांगत नाही. अंदाज १०० लिहिलेला असतो, समोर शून्य दिसत असतो. वर्ग स्वतःच भांडून शोधतो. पायथन ३ मध्ये हा भागाकार दशांशातच येतो आणि हा धडा हुकतो, एवढंच मला पायथनविरुद्ध म्हणायचंय.

फॅक्टोरियलचंही तसंच. निळ्या पडद्याच्या टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये सातचं ५०४० बरोबर येतं आणि आठचं थेट उणे २५२१६, कारण तिथे इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोन बाइटची, ३२७६७ च्या पुढे जात नाही. तो पडदा अजून वापरत असाल तर खुशाल निवृत्त करा. मात्र आजच्या कंपायलरवर चार बाइटच्या इंटमध्ये तेराचं फॅक्टोरियल काढून दाखवा. यायला हवं ६२२७०२०८००, येतं १९३२०५३५०४. टर्बो सी निदान उणे चिन्ह दाखवून ओरडायचं, हे सरळ चेहऱ्याने खोटं बोलतं.

'सर, आम्हाला याचं काय?' असं मेकॅनिकलवाले विचारणारच. त्यांना २५ फेब्रुवारी १९९१ चं सौदी अरेबियातलं धहरान सांगा. पॅट्रियट या अमेरिकन क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजायचं. ०.१ बायनरीत पुरता लिहिता येत नाही, २४ बिटांवर तो तोडलेला, आणि यंत्रणा १०० तास सलग चालू. दर दशांशाला चूक सुमारे ०.०००००००९५ सेकंद. हिशोब मुलांनाच करू द्या: १०० तासांत ३६ लाख दशांश, म्हणजे साधारण ०.३४ सेकंद. तेवढ्या चुकीने इराकचं स्कड क्षेपणास्त्र निसटलं आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. हा गुणाकार केलेला वर्ग फ्लोटला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दशांश संख्यांना, पुन्हा हलक्यात घेत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दोन गोष्टी. समजावणं मराठीतच करा, इफ, फॉरसारखे भाषेचे ठरलेले शब्द, म्हणजे कीवर्ड, इंग्रजी राहू द्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सीचे धडे मराठीत आहेत, ते द्या. आणि एरर मोठ्याने वाचायला लावा, फक्त पहिली. खालच्या तेवीस बहुतेक वेळा तिच्याच लेकी असतात.

टायपिंगला घाबरणाऱ्यांना प्रोग्रॅमच्या ओळी कापून चिठ्ठ्या द्या आणि क्रम लावायला सांगा. २००६ मध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी मांडलेला हा प्रकार आहे. मी त्यात एक चुकीची चिठ्ठीही घालतो, आणि खरी करमणूक तिथेच होते.

ओरलला 'प्रोग्रॅम समजावून सांग' म्हणू नका. ते पाठ होतं, आणि आता तर एआय समजावणीसकट लिहून देतं. 'ही ओळ लूपच्या बाहेर काढली तर काय छापलं जाईल?' असं विचारा आणि कोरा कागद पुढे सरकवा. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये काय लिहायचं ते आपल्या हातात नाही, पण त्यातलं डावीकडचं कोरं पान आहे. तिथे ड्राय रनचा तक्ता असल्याशिवाय मी सही करत नाही. पहिल्या वर्षी यावरून माझ्यामागे कुरकुर झाली, दुसऱ्या वर्षी सिनियर मुलंच ज्युनियरना तक्ता शिकवताना दिसली.

पहिली चाचणी लेखीच घ्या. दहा ओळींचा प्रोग्रॅम, आउटपुट काय, बस. निकाल पाहून घाबरू नका, माझ्या पहिल्या बॅचला साठातले नऊ पास झाले होते. चुकलेल्या तक्त्यांचे फोटो इथे टाका, कुठे घसरतायत ते बसून बघू.