वाचकांचे प्रश्न : बत्तीस म्हणजे नेमकं कोणतं बत्तीस?

प्रश्न : आजोबांचं रिव्हॉल्व्हर परवान्यासह वारसाने माझ्या नावावर झालं आहे. परवान्यात फक्त '.32 रिव्हॉल्व्हर' असं लिहिलंय. पाच गोळ्यांचं, बिजागरीवर मोडणारं आहे, नळीवर स्मिथ अँड वेसन कोरलंय. दुकानातून आणलेलं .32 चं काडतूस सिलिंडरच्या घरात (काडतूस बसतं त्या भोकात) अर्धंच जातं, बाकीचं मागे उरतं आणि रिव्हॉल्व्हर मिटत नाही. दोष काडतुसात आहे की हत्यारात? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दोष दोन्हींत नाही, जोडी चुकली आहे. तुमचं रिव्हॉल्व्हर .32 एस अँड डब्ल्यूचं (म्हणजे स्मिथ अँड वेसनचं) आहे. हे काडतूस 1878 मध्ये आलं. दुकानातलं काडतूस आहे .32 एस अँड डब्ल्यू लाँग, म्हणजे 1896 चं लांब भावंड. आपल्याकडे बनणारं .32 रिव्हॉल्व्हर लाँगसाठीच असतं, त्यामुळे दुकानदार 'बत्तीस' म्हटलं की तेच हातात ठेवतो. दोन्ही पुंगळ्यांची (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यांची) जाडी, म्हणजे बाहेरचा व्यास, एकच, सुमारे 8.56 मिमी. लांबी मात्र जुनीची 15.5 मिमी आणि लाँगची 23.4 मिमी. काडतुसाच्या घरात आत एक पायरी असते, तिथे पुंगळीचं तोंड अडतं. म्हणून तुमचं काडतूस जवळपास 8 मिमी बाहेर राहिलं असणार. मोजून बघा.

ही पायरी कापून घर लांब करून घेऊ, असा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काय घडत नाही, हा भाग वेगळा. पण हत्यारात फेरफार करायला कारागिराकडेच परवाना लागतो. शिवाय घर लांब झालं तरी सिलिंडरची लांबी तीच राहते. लाँगचं पूर्ण काडतूस 32.5 मिमी भरतं, जुनं 23.6. मग लाँगचं टोक सिलिंडरच्या पुढे डोकावतं, फ्रेमला (रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याला) अडतं आणि सिलिंडर फिरत नाही. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची सगळी मदार वरच्या खिट्टीवर असते. शंभरेक वर्षांच्या खिट्टीवर जास्त दाब टाकायचा नसतो.

उलट बाजूने मात्र चालतं : लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जुनं आखूड काडतूस बसतं आणि उडतंही.

आता खरी गफलत. पिस्तुलाचं काडतूसही आपल्याकडे '.32' च म्हणवतं, पण ते .32 एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), म्हणजे 7.65 मिमी. त्याची जाडी लाँगइतकीच असल्याने ते लाँगच्या घरात सहज शिरतं. त्याची मागची कडा जेमतेम 9.1 मिमी असते, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची 9.5, त्यामुळे ते धड टेकत नाही, कधी आत घसरतं, कधी पिन नीट लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याचा दाब लाँगपेक्षा बराच जास्त असतो. बसतं म्हणून चालतं असं समजू नका. डब्यावर आणि पुंगळीच्या बुडावर काय कोरलंय ते वाचूनच घ्या.

तुमच्याकडे बुलडॉग धाटणीचं, म्हणजे आखूड नळीचं, बेल्जियन रिव्हॉल्व्हर असलं, तर तिसरंच बत्तीस निघण्याची शक्यता असते. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या तपासणीची खूण म्हणजे लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं. यांतली बरीच .320 ची असतात. पुंगळी सुमारे 8.1 मिमी, म्हणून एस अँड डब्ल्यूचं काडतूस तोंडातच अडतं. एस अँड डब्ल्यूच्या घरात .320 घातलं तर मात्र सैल बसतं आणि पुंगळी फुगते किंवा चिरते.

मोजायचं असं : सिलिंडर रिकामा आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा. व्हर्नियरने मागच्या बाजूने घराचं तोंड मोजा, 8.6 मिमीच्या आसपास आलं तर एस अँड डब्ल्यू, 8.2 आलं तर .320 किंवा .32 कोल्ट हे आणखी एक बत्तीस. मग व्हर्नियरच्या मागच्या पट्टीने पायरीपर्यंतची खोली घ्या. साडेपंधरा की साडेतेवीस, हा निकाल तिथेच लागतो. फ्रेमचा आकारही साक्ष देतो. आयव्हर जॉन्सनसारख्या मोडणाऱ्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरांत लहान फ्रेमवर .32 च्या पाच गोळ्या मावतात, मोठीवर सहा; .38 ची पाच घरं हवी असतील तर मोठी फ्रेमच लागते. फक्त 'पाच गोळ्यांचं आहे' यावरून बोअर (नळीचं माप) ठरवू नका.

प्रश्न : आमच्याकडचं सहा गोळ्यांचं स्मिथ अँड वेसन लढाईच्या काळातलं आहे. त्यावर '.38 .767" 3½ टन' असे ठसे आहेत. यात .38 स्पेशल चालेल का? – एक वाचक, कागल

उत्तर : नाही. ते ब्रिटिश तपासणीचे ठसे आहेत : .767 इंच ही पुंगळीची लांबी आणि साडेतीन टन हा दाब. म्हणजे हत्यार .38 एस अँड डब्ल्यूचं, ब्रिटिश लष्कराच्या नावाने .380. स्पेशलची पुंगळी 29.3 मिमी लांब, पण जाडीला थोडी बारीक, 9.6 मिमी; .38 एस अँड डब्ल्यूची 9.8. अशी बरीच रिव्हॉल्व्हर नंतर घर खोदून स्पेशलसाठी केली गेली. खोदलेल्या घराचा मागचा भाग रुंदच राहतो, आणि स्पेशलची पुंगळी तिथे फुगून उभी चिरते. दुसऱ्या कुणी ते उडवलं असेल तर रिकाम्या पुंगळ्या मागवून बघा, बुडाजवळचा फुगवटा लगेच दिसतो.

स्मिथ अँड वेसनच्या फ्रेमची मापं अक्षरांनी ओळखतात. या हत्याराची फ्रेम म्हणजे 'के', 1899 पासूनची मधल्या मापाची. लहान 'आय' फ्रेम 1896 च्या .32 हँड इजेक्टर या मॉडेलची. 'जे' 1950 ची; तिच्यात .38 स्पेशलच्या पाच गोळ्या बसतात.

कायद्याचा मुद्दा याहून मोठा आहे. .380 किंवा .455 चं कडेवालं काडतूस ज्यात बसून उडू शकतं ते कोणत्याही बोअरचं रिव्हॉल्व्हर आर्म्स रूल्समध्ये प्रतिबंधित गटात येतं, आणि त्याचा परवाना केंद्र सरकार देतं. तुमच्या परवान्यावर नेमकं काय लिहिलंय ते आधी पाहा. शंका असेल तर शस्त्र परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून मग खुलासा मागा. घरात ठेवून कागद फिरवू नका.

प्रश्न : जुनं आहे, गोळी उडत नाही, मग परवाना लागतो का? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आर्म्स ॲक्टच्या कलम 45 ची सवलत ज्या हत्यारात दुरुस्ती करूनही गोळी उडणार नाही त्यालाच आहे. घोड्याची स्प्रिंग तुटली, पिन गळाली, एवढ्यावर भागत नाही. नवी स्प्रिंग घातली की ते पुन्हा हत्यार होतं.