पेनाचं चिन्ह मोबाइलवर रंगीत, पण संगणकावर काळं-पांढरं का दिसतं?

कारण युनिकोड (अक्षरांना आणि चिन्हांना क्रमांक देणारं जागतिक मानक) पेनाचं चित्र साठवत नाही, फक्त क्रमांक ठरवतं; चित्र तुमच्या यंत्रावरचा फॉन्ट काढतो. काळ्या निबेचा, म्हणजे पेनाच्या टोकाच्या चिन्हाचा, हेक्स क्रमांक (० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेला) २७१२. ती अक्षररचनाकार हेर्मान झाप्फ यांच्या १९७८च्या ‘झाप्फ डिंगबॅट्स’ या देखण्या चिन्हसंचातून आलेली, म्हणजे इमोजींच्या कितीतरी आधीची. बॉलपेन (१एफ५८ए) आणि शाईपेन (१एफ५८बी) मात्र २०१४ साली, युनिकोड ७.० मध्ये आले. ही तिन्ही चिन्हं मुळात साध्या अक्षरासारखी दिसावीत असंच ठरलेलं आहे. रंगीत हवं असेल तर क्रमांकामागे एफई०एफ हे अदृश्य चिन्ह जोडावं लागतं. एफई०ई जोडलं तर काळं-पांढरं. कॉपी-पेस्टमध्ये हे शेपूट कधीकधी गळतं, आणि काही प्रोग्राम ते मानतच नाहीत. आधी तेच तपासा.