मैत्रीपूर्ण सामन्यावरून भारतीय फुटबॉल संघाची कामगिरी कशी जोखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्च 2025 मध्ये भारताने मालदीवला 3-0 हरवलं, चाहते म्हणाले संघ सावरला, आणि सहाच दिवसांनी त्याच मैदानावर आशिया चषक पात्रता फेरीत बांगलादेशशी 0-0. पुढे आशिया चषकाची पात्रताही हुकली. मग चाहत्यांनी बघितलं काय, आणि फ्रेंडली, म्हणजे मैत्रीपूर्ण सामना, बघायची तरी कशी?

माझं उत्तर असं की आनंद रास्त होता, निष्कर्ष घाईचा होता. फ्रेंडलीत गोलफलक सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघावं, गोल आले कुठून.

आनंद रास्त का, ते आधी सांगतो. 2024 या अख्ख्या वर्षात भारताच्या पुरुष संघाने एकही सामना जिंकला नव्हता. अकरा सामने, सहा पराभव, पाच बरोबरी. त्यात मॉरिशसशी हैदराबादला 0-0 आहे आणि गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून 1-2 हारही आहे. शेवटचा विजय नोव्हेंबर 2023 चा, कुवेतमध्ये मनवीर सिंगच्या गोलवर मिळालेला. म्हणजे 19 मार्च 2025 ला शिलाँगमध्ये संघ मैदानात उतरला तेव्हा जिंकून सोळा महिने उलटून गेले होते. मनोलो मार्केझ यांना प्रशिक्षक म्हणून पहिला विजय हवा होता. शिलाँगच्या प्रेक्षकांना वरिष्ठ पुरुष संघाचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना आपल्या गावात बघायला मिळत होता. आणि सुनील छेत्री निवृत्ती मागे घेऊन परत आला होता. अशा रात्री तीन गोल झाल्यावर कोण खूश होणार नाही? आपल्याकडच्या मंडळींना तर आणखी एक कारण होतं: पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कोलासोचा.

आता तेच तीन गोल पुन्हा बघा. भेकेचा गोल ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर, हेडरने. लिस्टनचा गोल महेश सिंगच्या कॉर्नरवर, तोही हेडरने. छेत्रीचा गोल लिस्टनच्या क्रॉसवर, पुन्हा हेडर. तिन्ही गोल सुंदर होते, कॉर्नरवरचे गोल कमी दर्जाचे असं मी अजिबात म्हणत नाही. पण मधल्या फळीने दोन-तीन पास करून बचाव उघडला आणि आघाडीवीर गोलरक्षकासमोर मोकळा सुटला, असा एकही गोल त्यात नाही. समोर जागतिक क्रमवारीत 162 वा संघ होता, आपण 126 वे. मालदीवसारखा संघ हवेतल्या चेंडूवर कमी पडणार हे उघड होतं. म्हणून त्या रात्री खरी माहिती मिळाली ती एवढीच: आपले कॉर्नर चांगले आहेत, आणि चाळिशीतला छेत्री अजूनही आपला सगळ्यात भरवशाचा गोल करणारा आहे. दुसरी गोष्ट ऐकून काळजी वाटायला हवी होती.

बांगलादेशविरुद्ध नेमकं तेच उघडं पडलं. बांगलादेश क्रमवारीत 185 वा, पण इंग्लंडमध्ये लेस्टर क्लबात घडलेला हमझा चौधरी त्या दिवशी त्यांच्याकडून पहिल्यांदा खेळला आणि मधली फळी त्याने ताब्यात ठेवली. पहिल्याच मिनिटांत आपला गोलरक्षक विशाल कैथच्या चुकीतून त्यांना रिकामी जाळी मिळाली होती. त्यांनी ती संधी घालवली म्हणून आपण वाचलो. सामन्यानंतर मार्केझ यांनी आपल्याच संघाच्या खेळावर उघड राग व्यक्त केला. मला तो राग प्रामाणिक वाटला. सहा दिवसांत संघ बिघडला नव्हता, तो सहा दिवसांपूर्वीही तसाच होता.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. जूनमध्ये थायलंडविरुद्ध फ्रेंडलीत 0-2, पात्रता फेरीत हाँगकाँगविरुद्ध भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर 0-1, मार्केझ गेले, खालिद जमील आले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरमध्ये रहीम अलीने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली, तीही त्यांच्या बचावपटूच्या चुकीतून. मग मडगावला फातोर्ड्यावर छांगटेने लांबून अप्रतिम गोल केला, पण सामना 1-2 गेला आणि पात्रतेची आशा संपली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात 0-1. पात्रता फेरीच्या पहिल्या पाच सामन्यांत मिळून आपले गोल दोन. मालदीवविरुद्ध एका रात्रीत तीन.

याच्या अगदी उलट उदाहरण 2022 चं आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात सापडतं. मार्च 2022 मध्ये भारत फ्रेंडलीत बहरीनकडून 1-2 हरला, बेलारूसकडून 0-3. मेमध्ये जॉर्डनकडून 0-2. ओळीने तीन पराभव. तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना हटवा अशी ओरड होती. पण बहरीनचा सामना ज्यांनी नव्वद मिनिटं बघितला त्यांना आठवत असेल: गोलरक्षक गुरप्रीतने पेनल्टी अडवली, भेकेने (तोच राहुल भेके) रोशन सिंगच्या क्रॉसवर बरोबरी साधली, आणि 88 व्या मिनिटापर्यंत सामना बरोबरीत होता. आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या संघासमोर, त्यांच्याच घरी, अनेक तरुण मुलं घेऊन. जूनमध्ये कोलकात्यात हाच संघ कंबोडियाविरुद्ध 2-0, अफगाणिस्तानविरुद्ध 2-1 आणि हाँगकाँगविरुद्ध 4-0 जिंकला आणि आशिया चषकाला पात्र ठरला. हरलेल्या तीन फ्रेंडलींनी जे शिकवलं ते मालदीववरच्या विजयाने शिकवलं नाही.

त्याच्याही आधी, मार्च 2021 मध्ये, दुबईत यूएईकडून 0-6 असा मार खाल्ला होता. आकडा वाचून आजही वाईट वाटतं. पण चार दिवस आधी ओमानशी 1-1 करताना स्टिमाच यांनी दहा जणांना पहिल्यांदा भारताची जर्सी दिली होती, यूएईविरुद्ध त्यातला बहुतेक संघ पुन्हा बदलला, आणि कोविडमुळे छेत्री दोन्ही सामन्यांत नव्हता. तो प्रयोग होता, आणि प्रशिक्षकाला तो करण्याची एकमेव जागा फ्रेंडली हीच असते. जूनमध्ये दोहाला कतारविरुद्ध भेकेला 17 व्या मिनिटाला लाल कार्ड मिळूनही दहा जणांनी सामना 0-1 वर रोखला. मार्चमधला 0-6 बघून त्या संघाला निकालात काढणारे तेव्हा पुष्कळ होते.

प्रत्येक विजय फसवा असतो असं मात्र समजू नका. 3 सप्टेंबर 2016 ला अंधेरीत पोर्तो रिकोविरुद्धची फ्रेंडली मला अजून लख्ख आठवते. 61 वर्षांनी मुंबईत आंतरराष्ट्रीय सामना होत होता. ते 114 वे, आपण 152 वे. सुरुवातीलाच पेनल्टीवर गोल खाल्ला आणि तरी मध्यंतराला आपण 3-1 पुढे होतो, शेवटी 4-1. नारायण दास, छेत्री, जेजे, जॅकिचंद असे चार वेगवेगळे गोल करणारे, त्यातला एक डावा बचावपटू. समोरचा संघ वरचा होता, पिछाडीवरून सामना खेचला होता, गोल एकाच माणसावर अवलंबून नव्हते. त्या विजयावर विश्वास ठेवायला जागा होती. पुढच्या वर्षी भारत पहिल्या शंभरात आला आणि ऑक्टोबरमध्ये मकाऊला 4-1 हरवून आशिया चषक गाठला.

क्रमवारीबद्दल थोडंसं, कारण फ्रेंडली जिंकली की लगेच तो हिशेब सुरू होतो. 2018 पासूनच्या फिफाच्या पद्धतीत आंतरराष्ट्रीय विंडोमधल्या (देशांच्या सामन्यांसाठी फिफाने राखलेल्या काळातल्या) फ्रेंडलीचं वजन 10, विंडोबाहेरच्या फ्रेंडलीचं 5, तर पात्रता सामन्याचं 25. शिवाय किती गोलने जिंकलात याला किंमत नाही. 1-0 आणि 3-0 सारखेच. आणि खालच्या संघाला हरवलं तर गुण फारच थोडे मिळतात. त्यामुळे क्रमवारीसाठी दुबळ्या संघांशी घरच्या मैदानावर खेळत राहणं हा मार्ग मला पटत नाही.

मैदानावर काय बघता येईल, ते सांगतो. पहिला तास नीट बघा. फ्रेंडलीत बदली खेळाडू नेहमीपेक्षा जास्त वापरता येतात, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात दोन्ही संघ ओळखू येत नाहीत आणि तिथे पडलेल्या गोलवरून काही ठरवणं अवघड. त्या पहिल्या तासात प्रतिस्पर्ध्याने दबाव टाकला की आपले बचावपटू चेंडू लांब भिरकावतात की मधल्या फळीकडे देतात? चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कोण धावतं? आणि पेनल्टी क्षेत्रात चालू खेळातून आपल्या आघाडीवीराला चेंडू किती वेळा मिळतो?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. 2024-25 च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) भारतीयांपैकी सर्वाधिक गोल छेत्रीचेच होते. क्लब एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवू शकतात आणि त्यातला एक हमखास नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य आघाडीवीराच्या, जागेवर असतो. भारतीय मुलगा मग विंगवर सरकतो किंवा बाकावर बसतो. खालिद जमील यांनी ऑगस्ट-सप्टेंबर 2025 मध्ये मध्य आशियाई संघटनेच्या सीएएफए नेशन्स कपला छेत्रीला वगळून संघ नेला, तिसरा क्रमांकही मिळवला, ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं. मला त्या संघाचा फार अभिमान वाटला. पण ताजिकिस्तानविरुद्धच्या 2-1 मधले दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंचे होते.

म्हणून फ्रेंडलीनंतर आपण चाहत्यांनी महासंघाला आणि प्रशिक्षकांना विचारायचं ते हे: नऊ नंबरवर आज कोणाला खेळवलं, त्याला सलग किती सामने देणार, आणि पुढचा सामना आपल्यापेक्षा वरच्या संघाशी, त्यांच्या घरी ठेवणार का? असा सामना 0-2 हरलो आणि त्यात पंचविशीच्या आतल्या एखाद्या आघाडीवीराला चार चांगल्या संधी मिळाल्या, तर मालदीववरच्या 3-0 पेक्षा मी तो निकाल आनंदाने घेईन.