वाचक विचारतात : हंगेरियन आणि नॉर्वेजियन एकदम शिकाव्यात का?

प्रश्न (निपाणी) : सा. न. वि. वि. मुलगी यंदा बी.ए. होईल. शिक्षण मराठीतून झालं, कन्नड अस्खलित बोलते. तिला विद्यापीठात हंगेरियन आणि नॉर्वेजियन एकदमच शिकायच्या आहेत. झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण दोन्हींचा श्रीगणेशा एकाच सत्रात करू नये. आधी हंगेरियन. रोज तासभर दिला तर सहा-आठ महिन्यांत पाया बसतो, मग अर्धा तास नॉर्वेजियनला काढावा. एकदम सुरू केलं की नॉर्वेजियन झपाट्याने पुढे जाते. तिचं क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही आणि बरेच शब्द इंग्रजीच्या जवळचे असतात. मग विद्यार्थी सोपीकडेच वळतो नि हंगेरियन मागे पडते.

हंगेरियनमध्ये मुलीचं कन्नड कामी येईल, हे आवर्जून सांगतो. ‘घरांमध्ये’साठी कन्नडमध्ये मने-गळ-अल्लि, हंगेरियनमध्ये हाझ-ऑक-बॉन : आधी घर, मग अनेकवचन, मग ‘मध्ये’. क्रम तोच. फरक स्वरांचा : प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या स्वरांशी जुळवावा लागतो. घराला ‘बॉन’, पण बागेला (केर्त) ‘बेन’. म्हणून प्रत्यय सुटे घोकू नयेत, शब्दाला लावूनच म्हणावेत.

खरी अडचण क्रियापदाची. ‘एक घर पाहतो’ म्हणताना लातोक, ‘ते घर पाहतो’ म्हणताना लातोम. कर्म निश्चित आहे की नाही यावर रूप ठरतं, आणि ही सवय ना मराठीत ना कन्नडमध्ये. पहिल्या महिन्यापासून प्रत्येक क्रियापदाची दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहावीत.

नॉर्वेजियनमध्ये चुकते ती वाक्यरचना. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी हवं. ‘आज’ने सुरुवात केली की कर्ता क्रियापदाच्या मागे जातो : ‘इ दाग कॉमर हुन’, म्हणजे ‘आज येते ती’. आपलं क्रियापद शेवटी राहतं, त्यामुळे बोलताना घसरायला होतं. लेखनाचे बुकमॉल आणि नीनॉर्स्क असे दोन प्रकार आहेत. बुकमॉलच धरावं, दोन्हींची सरमिसळ नको.

प्रश्न (खानापूर) : दोन्ही भाषा एकाच ठिकाणी कुठे मिळतील? खर्चाचं काय?

उत्तर : बुदापेश्तच्या एओत्वोश लोरांद विद्यापीठात स्कँडिनेव्हियन विभाग आहे, तिथे नॉर्वेजियन शिकवतात. मात्र शिकवण्याची भाषा हंगेरियन, म्हणूनही ती आधी. हंगेरी सरकारच्या ‘स्तिपेंदियुम हुंगारिकुम’ शिष्यवृत्तीत हंगेरियनमधून शिकणाऱ्यांसाठी वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम असतो. अर्जाची मुदत बहुधा जानेवारीत संपते. अर्ज हंगेरीच्या संकेतस्थळावर आणि आपल्या शिक्षण मंत्रालयाकडे, असा दोन्हीकडे करावा लागतो. एकच भरला तर तो पुढे सरकत नाही. नॉर्वेत २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू झालं आहे, त्यामुळे थेट तिकडे जाणं महाग पडेल. बेळगावात बसून सुरुवात करायची तर त्रोनहाइमच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाचा नॉर्वेजियनचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. हंगेरियनसाठी दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्हॉनिक व फिन्नो-उग्रियन विभागात आणि तिथल्याच हंगेरियन सांस्कृतिक केंद्रात चौकशी करावी.