मोतीबिंदूच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नवीन आहेस ना, मग हे वाच

अगं, कॅम्पच्या दिवशी एकामागोमाग एक पेशंट येतात, तेव्हा 'उजवाच डोळा ना आजी?' असं कधी विचारू नकोस, त्या घाबरलेल्या असतात, कशालाही हो म्हणतात. 'कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन?' असं विचार, त्यांनाच हात लावून दाखवू दे, मग केसपेपर, संमतीपत्र आणि भुवईवरची खूण जुळव. मला सगळ्यात जास्त धसका डोळ्यात बसवायच्या लेन्सचा, एकाच नावाचे दोन पेशंट लिस्टवर असले की घोळ झालाच म्हणून समज, त्यामुळे बॉक्स फोडायच्या आधी नाव, डोळा, पॉवर, एक्सपायरी सगळं मोठ्याने वाच आणि बायोमेट्रीचा, म्हणजे लेन्सची पॉवर ठरवायला घेतलेल्या डोळ्याच्या मापांचा, कागद समोरच ठेव. डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) घातलं की ३ मिनिटं थांबायचंच. काही खटकलं तर सरळ 'सर, थांबा' म्हण, रागावले तर रागावू देत.