एस३ मधली मराठी नावाची फाईल लॅम्डाला सापडत नाही. नावं इंग्रजीत करायला लावू का?

तुम्ही लिहिलंय की फाईल एस३ च्या, म्हणजे ॲमेझॉनच्या फाईल साठवणाऱ्या सेवेच्या बकेटमध्ये (डब्यात) डोळ्यांना दिसते, पण अपलोड झाल्याबरोबर आपोआप चालणाऱ्या लॅम्डा फंक्शनला ती उघडता येत नाही. नावं इंग्रजीत करायला मुळीच लावू नका. लोकांनी दिलेल्या नावात काहीच चूक नाही, दुरुस्ती तुमच्या कोडमध्ये हवी.

एस३ लॅम्डाला जी सूचना पाठवतं, तिच्यात फाईलचं नाव यूआरएल-एन्कोड होऊन, म्हणजे वेब पत्त्यात चालणाऱ्या %-संकेतांत बदलून येतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, आणि एन्कोड झाल्यावर दर बाइटची ३ कॅरेक्टर. म्हणजे ‘नागपूर’मधल्या ६ चिन्हांची ५४ कॅरेक्टर होतात. स्पेसच्या जागी + येतो. हे नाव आहे तसंच वापरून फाईल मागितली, तर त्या नावाची फाईल बकेटमध्ये नसतेच.

मी नागपुरात कळमना मार्केटच्या आवकीचा डेटा सांभाळतो. एकदा फाईल आली ‘संत्रा + मोसंबी आवक’. पाठवणारे म्हणत होते, ‘टाकली ना भाऊ, दिसून राहिली’, आणि माझ्या लॉगमध्ये ‘ॲक्सेस डिनाइड’. दोन दिवस मी परवानग्याच तपासत होतो. लॅम्डाच्या रोलला (त्याला दिलेल्या परवानग्यांच्या संचाला) बकेटची यादी पाहायची परवानगी नसेल, तर नसलेली फाईल मागितल्यावर एस३ ४०४ (सापडली नाही) ऐवजी ४०३ (परवानगी नाही) देतं, हे तेव्हा कळलं. तुमच्याकडेही ४०३ येत असेल तर आधी नाव छापून बघा.

पायथनमध्ये ‘अनकोट_प्लस’ वापरा. नुसत्या ‘अनकोट’ने स्पेसच्या जागचे + तसेच राहतात. नावातला खरा + सूचनेत %२बी होऊन आलेला असतो, त्यामुळे तो सुखरूप परत मिळतो. जावास्क्रिप्टमध्ये आधी + काढून स्पेस घाला आणि मगच डिकोड करा. क्रम उलटा झाला की खरा + गेलाच.

आणि डिकोड एकदाच, सूचना आत येते तिथेच. पुढच्या कुठल्या फंक्शनने ‘असू द्या, पुन्हा करून घेऊ’ म्हणत ते केलं, तर माझ्या फाईलमधल्या + चा स्पेस होतो आणि फाईल पुन्हा हरवते. हीच सूचना इव्हेंटब्रिज या ॲमेझॉनच्याच दुसऱ्या सेवेमार्फत घेत असाल तर तिथे नाव एन्कोड केलेलं नसतंच, त्यामुळे डिकोड करूच नका.

आता खास आपल्या मराठीची अडचण. ‘शेतकऱ्यांची यादी’ मधला ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो: थेट ऱ, किंवा र आणि नुक्ता, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे). दिसायला सारखेच, पण एस३ च्या लेखी तीन वेगळ्या फाईली. एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोडची अक्षरं एकसारखी करायची पद्धत) पहिले दोन एक होतात. तिसरा स्वतः बदलावा लागतो. हा बदल फक्त जुळवणीसाठी वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. फाईल मागताना मात्र डिकोड होऊन आलेलं नावच द्या, त्यात एक बाइटही इकडचा तिकडे नको.

चाचणीसाठी ‘शेतकऱ्यांची यादी + ५०% अनुदान’ अशा नावाची रिकामी फाईल टाकून बघा. ती उघडली की तुमचं काम झालं.