धुरात शिरताना हात थरथरतात

प्रश्न: ताई, मी पुण्यात अग्निशमन दलात नवीन लागलोय. ट्रेनिंगला धुराच्या खोलीत शिरलो की हात थरथरतात, छातीत धडधडतं आणि बाकीची पोरं एकदम बिनधास्त. चुकीच्या नोकरीत आलोय का मी?
- एक वाचक, कसबा पेठ

उत्तर: अरे, त्या बिनधास्त पोरांचीही आतून तंतरलेली असते, फक्त कोणी बोलत नाही. थरथर होते ती अ‍ॅड्रिनलिनमुळे, अंग पळायच्या तयारीला लागतं एवढंच. आत जायच्या आधी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, धडधड जरा उतरते. मग ठरलेलंच, धूर वर चढतो म्हणून खाली वाकून भिंतीच्या कडेनं सरकायचं, जोडीदाराला सोडायचं नाही आणि पाठीवरच्या हवेच्या सिलेंडरची शिट्टी वाजली, म्हणजे हवा संपत आली, की हिरोगिरी न करता बाहेर, हे इतक्यांदा कर की डोकं बंद पडलं तरी हातपाय आपोआप करतील. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ना, त्याच्या आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, त्यांना काय भीती वाटली नसेल? आणि हो, हे तुझ्या इन्स्ट्रक्टरना सांग, लपवू नको. रात्री झोपच उडायला लागली तर मात्र सरळ डॉक्टरांना गाठ.